चिमूटभर पिवळी पूड

आम्हाला कड्यावरून फक्त चिमूटभर पिवळी पूड आणायची होती. सोनं नाही, हिरे नाहीत, हरवलेला माणूसही नाही. एका वेलीच्या नरफुलांतला पराग, आणि तोही काडेपेटीत मावेल एवढा! पण तो वेळेत आणि कोरडा पोचला नाही, तर माझ्या मावशीने अर्धं आयुष्य सांभाळलेली वेल बी न धरताच वाळून जाणार होती, आणि तिच्याबरोबर तिची जातही संपणार होती.

मावशी उद्यानातल्या मोठ्या काचघराची प्रमुख. तरुणपणी तिने एका दूरच्या दरीतून या वेलीची छाटलेली फांदी आणली आणि काचघरात रुजवली. तेव्हापासून ती वेल नुसती वाढत होती. छताला भिडली, खांब गिळले, एकदा तर पाण्याचा नळही वाकवला, पण फुलाचं नाव नाही! म्हणून मावशीने तिचं नाव ठेवलं ‘उशिरी’. ही जात आयुष्यात एकदाच फुलते, आणि फुलली की जिथे जिथे असेल तिथे एकाच सुमारास फुलते, मग वाळून जाते. नरफुलं एका वेलीवर, मादीफुलं दुसरीवर. आमची मादी होती. दरीतल्या बाकीच्या माद्या एका पावसाळ्यात डोंगर खचला तेव्हा त्याखाली गाडल्या गेल्या. समोरच्या उभ्या कड्यावर नर तेवढे उरले.

आणि अखेर काचघरात पहिली कळी उमलली.

“गवताचं काम वाऱ्यावर भागतं,” मावशी म्हणाली. “काही फुलांना पक्षी लागतात, काहींना वटवाघळं. हिला लागते माशी. पण त्या कड्यावरून इथवर उडत येईल अशी माशी अजून जन्माला यायची आहे. तेव्हा तुम्हीच जा.”

“म्हणजे आम्ही माश्या?” मामाने विचारलं.

“माशीला अक्कल असते. तू फक्त वर बसून दोर सांभाळ.”

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. धंद्याने मधपाळ, अंगाने गोल, आणि आळसात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मावशीने विणलेला हळदीच्या रंगाचा एक लांबलचक लोकरी कोट तो बाराही महिने घालायचा. ‘माश्यांजवळ लोकर घालू नये, त्या चवताळतात’ हे तो शिकाऊ मुलांना शिकवायचा आणि पेट्या उघडताना स्वतः पांढरा सुती झगाही घालायचा. पण पेट्या मिटल्या की पुन्हा कोट!

या कोटावरून भावाबहिणीचं कायमचं वाजायचं. काचघराच्या दाराशी एक राठ केसांचा ब्रश टांगलेला आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाने कपडे झटकायचे आणि हात धुवायचे, हा मावशीचा नियम. कुणाच्या तरी सदऱ्यावरून पांढरी कीड आत आली होती आणि तिने झाडांची एक अख्खी रांग फस्त केली होती, तेव्हापासूनचा. मंत्री आले तरी झटकून घ्यायची ती. एकटा मामा तेवढा दर वेळी काहीतरी कारण काढून निसटायचा.

आमच्या तुकडीत तिसरी होती दोरवाली. उंच इमारतींच्या काचा दोरावर लोंबकळत पुसणं हा तिचा व्यवसाय, आणि काचघराचं छप्परही तीच धुवायची. बोलायची कमी. कड्याचा फोटो दाखवला तेव्हा तिने एवढंच विचारलं, “खिडक्या नाहीत ना? मग सोपं आहे.”

सोपं! रस्ता संपला तिथे गाडी सोडली आणि जंगल सुरू झालं. पायाखाली कुजलेल्या पानांचा गुडघाभर थर, वर फांद्यांचं छत, आणि मध्ये काटेरी वेलींची अशी गुंतवळ की हातभर पुढे जायला घामाच्या धारा. मामा दर वळणावर बसायचा. “मी थकलो नाही, मी निरीक्षण करतोय,” असं वर सांगायचाही. संध्याकाळी एका झऱ्याकाठी मुक्काम केला, पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. शेजारच्या निळ्या फुलांवर एक भुंगा तोंड खुपसून बसला होता. त्याची पाठ पांढऱ्या पुडीने माखली होती.

“बघ त्याला,” मामा म्हणाला. “तुझी मावशी म्हणते फुलांची सेवा करतो. सेवा कसली डोंबलाची! हा आलाय आपला मध प्यायला. पाठीला काय चिकटलंय, याचा त्याला पत्तासुद्धा नाही. पुढच्या फुलात शिरेल, तिथे थोडं सांडेल, झालं. निम्म्या जगाचं पोट या नकळत चाललेल्या कारभारावर भरतं.”

“तू का आलास मग?”

“मी? त्या कड्यावर आग्या मोहोळं आहेत म्हणे. लांबून का होईना, बघावीत.” त्याचे डोळे लकाकले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो. खाली बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तळाशी नदी चकाकत होती, आणि मधल्या सरळ भिंतीवर, एका अरुंद कपारीच्या काठाने, उशिरीच्या वेली पडद्यासारख्या लोंबत होत्या. पांढुरक्या फुलांनी लगडलेल्या! नुसता गुणगुणाट चालला होता. त्यांच्या पलीकडे, छज्ज्यासारख्या पुढे आलेल्या खडकाखाली, सुपाएवढी काळी मोहोळं. त्यांचा पृष्ठभाग सारखा थरथरत होता. सगळ्या माश्या होत्या त्या.

“मोहोळांपासून लांब राहायचं,” मामा कुजबुजला. “हळू उतरा. धक्का नको, आवाज नको. फुलांवरच्या माश्या काही करत नाहीत, त्या कामात असतात. घरच्या बिथरल्या तर मात्र खैर नाही.”

दोरवालीने एका जाड बुंध्याला दोन दोर बांधले, तीन वेळा ओढून पाहिले आणि काच पुसायला निघाल्यासारखी कड्यावरून मागे झुकली. मी तिच्यामागे. कपारीला पाय टेकले आणि जीव भांड्यात पडला. कपार दोन माणसं आडवी बसतील एवढी होती. दोरवाली दोरावरच थांबली. मी लहान कात्रीने फुलांतले परागकोश कापून टीपकागद घातलेल्या डब्यात टाकू लागले. पिवळी पूड बोटांना चिकटत होती. माश्या माझ्या कानाजवळून जायच्या, मला बाजूला सारल्यासारखं करून फुलात घुसायच्या, पोट पिवळं करून निघून जायच्या. मलाही त्या कामाची लय सापडली. डबा भरला! मी झाकण दाबलं आणि तो कमरेच्या रबरी पिशवीत टाकला.

तेवढ्यात शेजारून धापा टाकल्याचा आवाज आला. कपारीच्या दुसऱ्या टोकाशी मामा उभा होता. कोटासकट!

“तू? वर थांबायचं ठरलं होतं ना!”

“बाजूने बकऱ्यांची वाट आहे गं. म्हटलं, मोहोळं जरा जवळून...”

त्याच्या पायाखालचा दगड सुटला. एकदा आपटला. दोनदा आपटला. आणि थेट खालच्या मोहोळावर गेला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळा कडाच घोंगावला! काळा ढग उठला. वर आला. आमच्याकडेच आला!

“हलू नका!” मामा ओरडला. “तोंड झाका! बाई, कपारीखाली सरका!”

दोरवाली दोरावर झोका घेऊन कपारीच्या पोटाखाली गेली आणि भिंतीला चिकटली. मी मात्र गोठले होते. पहिला डंख मानेवर बसला. दुसरा कपाळावर. मी दोराकडे धाव घेणार एवढ्यात मामाने मला खसकन ओढलं, वेलींच्या पडद्यात ढकललं, कोटाची बटणं उघडून मला आत घेतलं आणि वरून डोक्यापर्यंत कोट ओढला. मग पाठ फुलांत रेटून तो गच्च बसला. त्याच्या हातांवर माश्या तुटून पडत होत्या. मला प्रत्येक डंखाला त्याचं अंग आक्रसलेलं कळत होतं.

“पळायचं नाही,” तो माझ्या कानाशी म्हणत होता. “पळालो तर संपलो. श्वास हळू घे. हळू. शहाणी माझी बाय ती.”

इतका घाबरलेला आणि इतका शांत माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. घोंगावणं विरळ झालं. फुलांवरच्या माश्या तर आमच्याकडे लक्षच न देता कोटाच्या बाह्यांवरून चालत पुन्हा फुलात शिरत होत्या. शेवटी दोरवालीचा आवाज आला, “वरची वाट बंद. वर अजून फिरताहेत. खालीच उतरायचं.”

मामाचे हात सुजून भाकरीसारखे झाले होते. दोर त्याला धरवेना. दोरवालीने त्याला पोत्यासारखा बांधला आणि हळूहळू खाली सोडला. तोही पोत्यासारखाच गेला, डोळे मिटून. नदीकाठी टेकल्यावर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “काय देखणी मोहोळं आहेत!” मला हसावं की त्याला ढकलून द्यावं ते कळेना.

पण संकट संपलं नव्हतं. डोंगराच्या डोक्यावर आभाळ फाटलं होतं. आमच्यावर नुसते टपोरे थेंब पडायला लागले, तोच मामाने घाईघाईने कोट काढला, उलटा गुंडाळला, दोरवालीच्या पिशवीतल्या, खाली अंथरायच्या प्लास्टिकमध्ये बांधला आणि स्वतः पातळ सदऱ्यात कुडकुडत उभा राहिला. नदीचं पाणी बघता बघता गढूळ झालं. त्यावरून काहीतरी वाहत येत होतं. फुलं. उशिरीची पांढुरकी फुलं, शेकड्यांनी! कडा धुऊन निघाला होता. आता परत वर जाऊनही काही मिळणार नव्हतं. जे होतं ते माझ्या कमरेच्या डब्यात.

“आत्ताच पार करू,” दोरवाली म्हणाली. “थोड्या वेळाने जमणार नाही.”

ती कमरेला गुंडाळलेला जादा दोर घेऊन पाण्यात शिरली. छातीपर्यंत पाणी. एकदा पूर्ण दिसेनाशी झाली, पुन्हा वर आली, पलीकडे पोचली आणि दोर एका खडकाला आवळला. मग मी. माझ्यामागे मामा, एका हाताचं कोपर दोरात अडकवून आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचं कोटाचं गाठोडं सावरत.

नदीच्या मध्यावर माझ्या पायाखालचा गोटा निसटला. मी आडवी झाले. पाणी नाकातोंडात गेलं. दोर सुटला नाही, पण माश्यांच्या धांदलीत पिशवीचं तोंड नीट लागलं नव्हतं, ते उघडलं. आणि डबा! माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आला, पाण्यावर नाचला आणि मामाच्या दिशेने निघाला.

“मामा, पकड! डबा पकड!”

डबा त्याच्या अगदी पोटाशी आला. एक हात दोरावर. दुसरा गाठोड्यावर. त्याने दोन्हीकडे बघितलं, आणि डबा निघून गेला.

दोरवालीने काठाने पळत जाऊन तो खालच्या झुडपातून काढला. झाकण नव्हतं. आत टीपकागदाचा लगदा आणि पिवळं पाणी. परागकणांना पाणी लागलं की ते फुगतात आणि फुटतात. मावशीने शंभरदा बजावलं होतं, “काहीही कर, कोरडा आण.”

काठावर येऊन मी मामावर अक्षरशः तुटून पडले. “एक कोट! एका जुनाट कोटापायी! तो सोडला असतास तर काय बिघडलं असतं? मावशीचं सगळं आयुष्य त्या डब्यात होतं!”

“सुचलंच नाही गं,” तो म्हणाला. “हा ताईने विणलाय. भिजला की आटतो. एकदा आटला होता, तेव्हा तिने सगळा उसवून पुन्हा विणला. मला वाटलं... नाही, मला काहीच वाटलं नाही. हात सुटलाच नाही.”

मी रडत होते. मला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण त्याच कोटाने सकाळी मला वाचवलं होतं आणि तरीही माझा राग जात नव्हता.

या काठाकडून जंगल ओलांडून लवकरच रस्त्याला लागलो; आमची गाडी नदीपलीकडेच राहिली. भाजी नेणाऱ्या एका टेम्पोने आम्हाला मागे बसवलं. थंडी वाजायला लागली तसा मामाने कोट सोडला, सुलटा करून अंगात घातला आणि कोबीच्या पोत्याला टेकून घोरू लागला.

उन्हं कलायच्या आधी आम्ही काचघराशी पोचलो. मावशी दारातच उभी होती. दुखऱ्या गुडघ्यांवर कधीची उभी होती देवाला ठाऊक. मी डबा तिच्या हातात दिला. तिने आत पाहिलं. मग डबा खिडकीत ठेवला.

“सगळे धड आहात ना?” तिने विचारलं. माझ्या मानेवरची सूज बघितली, मामाचे हात बघितले. “झालं तर मग. आत या. चहा टाकते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्यामागे उशिरी छतापासून जमिनीपर्यंत फुललेली होती. हिरवट, मेणासारखी मादीफुलं, सगळी तोंड उघडून वाट बघत. खालची काही मिटायलाही लागली होती.

“कपडे झटका मात्र,” मावशी सवयीने म्हणाली.

मी ब्रश घेतला, माझे कपडे झटकले. वाळलेला चिखल पडला. दोरवालीने झटकले. आणि मामा, एवढं सगळं झाल्यावरही, भिंतीकडेने आत सटकायच्या बेतात! माझं डोकंच फिरलं.

“आज तरी झटकून घे!” म्हणत मी त्याच्या खांद्यावर ब्रश हाणला.

खांद्यावरून पिवळा धुरळा उडाला.

“थांब!!” मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की दोरवालीच्या हातातली दोराची गुंडाळी खाली पडली. “ब्रश टाक! कुणी हलू नका! तू तर अजिबात हलू नकोस!”

मामाने दोन्ही हात वर केले. त्याची बोबडी वळली होती. “म... माशी बसलीय का?”

“तू बसला होतास! कुठे बसला होतास? सांग, कशात बसला होतास?”

“फुलांत,” मीच म्हणाले. “मावशी, तो पाठ टेकून फुलांत बसला होता. मला कोटात घेऊन. आणि नदीत त्याने हाच कोट...”

हळदीच्या रंगावर हळदीच्या रंगाची पूड; वाटभर टेम्पोत ती कुणाला दिसणार? पाठ, बाह्या, कॉलरच्या घड्या, विणीच्या प्रत्येक भोकात पराग अडकून बसला होता. चिमूटभर नव्हे, मूठभर!

मावशीने वारं लागू नये म्हणून दार लावून घेतलं. कोट असा काढला जसं तान्ह्या बाळाला झबल्यातून काढावं. काळ्या कागदावर पूड टिपली, कणभर सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आम्ही तिघं श्वास रोखून तिच्या पाठीकडे बघत होतो.

“गोल आहेत,” ती म्हणाली. “अख्खे. टपोरे.” आणि मग ती स्टुलावर बसली आणि मनमोकळं रडली. मामाने सुजलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिने तो झटकला नाही.

मग कामाला लागलो. मावशीने चित्रकाराचे बारीक कुंचले काढले. खालची फुलं तिने घेतली, मधली मी, आणि छतालगतची दोरवालीने, आपल्या नेहमीच्या दोरावर लोंबकळत. प्रत्येक फुलाच्या चिकट टोकाला पिवळा ठिपका. मामाला कुंचला धरता येत नव्हता, म्हणून तो कोट हातांवर आडवा घेऊन आमच्या मागे मागे फिरत होता. “या, या, ताजा माल!” म्हणत. मावशी त्याच्यावर ओरडलीसुद्धा नाही.

फुलं गळली. त्यांच्या मागे हिरव्या गाठी राहिल्या, फुगल्या, शेंगा झाल्या. वेल ठरल्याप्रमाणे पान पान करत वाळत गेली. मावशी रोज तिच्याजवळ उभी राहायची, पण तिच्या चेहऱ्यावर शोक नव्हता. शेंगा तडकल्या तेव्हा तिने ओंजळ पुढे केली. बिया रेशमी धाग्यांसकट तिच्या हातात पडल्या.

पहिले अंकुर वर आले त्या दिवशी तिने मामाला निरोप पाठवला. तो आला. थंडी नसतानाही कोटात. दाराशी थांबला, आणि आम्ही बघतच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून ब्रशकडे हात नेला.

मावशीने आतून पाहिलं.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “तू तसाच ये.”